सगळं जळून गेल्यावर नेमकं काय शोधतात?

प्रश्न असा आला होता: रसायनशास्त्राची पदवी झाली आहे, आगीच्या आणि जाळपोळीच्या तपासात काम करायचं आहे. सगळ्याची राख झाल्यावर आग लागली की लावली हे खरंच कळतं का? रोजचं काम कसं असतं? आणि त्यात शिरायला काय लागतं? मी बरीच वर्षं हेच काम करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कधी कळतं, कधी नाही. दर वेळी कळतंच असं सांगणारा तपासनीस भेटला तर त्याच्या हाताखाली शिकू नका.

कामाचा क्रम नीट समजून घ्या, कारण घोळ तिथेच होतो. आग कुठे सुरू झाली, हा पहिला प्रश्न. तिथे पेटण्याजोगं काय होतं आणि ते पेटायला पुरेल एवढी उष्णता कुठून आली, हा दुसरा. ही दोन एकत्र कशी आली, हा तिसरा. कोणी मुद्दाम आणली का, हे त्याच्या नंतर. बाहेरच्या माणसाला मात्र हे उलट्या बाजूने हवं असतं. राख निवायच्या आत कोणीतरी कानाशी लागून सांगतं की मालक कर्जात बुडाला होता, विमा नुकताच वाढवला होता. हे डोक्यात घेऊन आत गेलात की जमिनीवरचा प्रत्येक काळा डाग पेट्रोलचा दिसू लागतो. म्हणून उगमाची जागा ठरेपर्यंत मी असल्या गोष्टी ऐकायचं शक्यतो टाळतो. कर्ज असणं हा हेतू असू शकतो. आग कशाने लागली याचा तो पुरावा नाही.

साक्षीदारांना मात्र आधीच भेटावं, पण वेगळे प्रश्न घेऊन. धूर पहिल्यांदा कुठल्या खिडकीतून दिसला? दिवे चालू होते का, आणि आधी कुठल्या खोलीतले गेले? काच फुटल्याचा आवाज ज्वाळा दिसण्याआधी आला की नंतर? आग विझवणाऱ्या जवानांना तर गाठायलाच हवं, कारण दार त्यांनी फोडलं की ते आधीच उघडं होतं हे दुसरं कोणीच सांगू शकत नाही. बघ्यांनी मोबाईलवर काढलेले पहिल्या काही मिनिटांचे व्हिडिओ हल्ली सोन्याच्या मोलाचे ठरतात. नंतरची सगळी राख मिळून जेवढं सांगत नाही तेवढं त्यातली एक फ्रेम सांगून जाते.

मग जागेवरचं काम. आधी बाहेरून पूर्ण फेरी, मग आत. कमी जळलेल्या भागाकडून जास्त जळलेल्या भागाकडे. काहीही हलवण्याआधी फोटो. त्यानंतर ढिगारा उपसायचा तो फावड्याने नाही, करणी, ब्रश आणि चाळण घेऊन, थराथराने. तळाला जे सापडतं ते आधी पडलेलं असतं. खिडकीच्या काचेचे तुकडे जमिनीला टेकलेले, त्यांच्यावर छताचा गिलावा, आणि काचेला कुठल्याच बाजूने काजळी नाही, असं दिसलं तर धूर भरण्याआधीच ती काच फुटली होती. ती कशाने फुटली हे कडेवरून बरंचसं कळतं. साध्या काचेवर घाव बसला असेल तर तुकड्याच्या कडेवर शिंपल्यासारख्या वक्र रेषा उमटतात. उष्णतेने तडकलेल्या काचेची कड गुळगुळीत आणि रेघ नागमोडी असते.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते बिजागरी बघणं. दार जळून गेलं, चौकट कोळसा झाली, तरी बिजागरी बहुधा उरते. दार बंद असताना तिची दोन्ही पानं एकमेकांवर मिटलेली असतात, दार आणि चौकट यांच्या फटीत दडलेली. आग झेलतो तो फक्त बाहेर आलेला गोल कणा. अशी बिजागरी हलकेच उघडली तर आतली पानं अजून चकचकीत असतात, कधी त्यांच्यावर जुन्या रंगाचा ओघळही तसाच असतो, आणि त्यांच्याखालचं लाकूड न जळलेलं सापडतं. दार उघडं असेल तर पानांवर काजळी चढते आणि खालची खाचही जळते. आगीच्या वेळी दार कसं होतं यावर वारा कुठून आला ते ठरतं, आणि वारा कुठून आला यावर भिंतीवरच्या निम्म्या खुणांचा अर्थ ठरतो. धूर ओळखणाऱ्या अलार्मचंही असंच. तो वाजला असेल तर भोंग्याच्या छिद्राभोवती काजळीची दाट कडी जमते, कारण आवाजाच्या कंपनांनी काजळीचे कण तिथे एकमेकांना चिकटत जातात. बॅटरी वितळली, सर्किट गेलं, तरी ही कडी कित्येकदा राहते. घरात झोपलेल्यांना इशारा मिळाला होता का, या प्रश्नाला दुसरा साक्षीदार नसतो.

आता खुणांबद्दल. या विषयाचा इतिहास फार अभिमानाने सांगण्यासारखा नाही, पण तो माहीत असल्याशिवाय या कामात येऊ नका.

कित्येक दशकं तपासनीस एकमेकांकडून ऐकून शिकत होते. काचेवर बारीक जाळीदार तडे दिसले की आग झपाट्याने तापली, म्हणजे पेट्रोल होतं. काँक्रीटचे टवके उडाले की त्यावर काहीतरी ओतलं होतं. लाकडाचा कोळसा मगरीच्या पाठीसारखा मोठ्या चकचकीत खवल्यांचा असला की आग वेगाने पसरली. जमिनीवर डबक्याच्या आकाराचा जळका डाग म्हणजे द्रव ओतल्याची सहीच. यातलं जवळजवळ काहीच कसोटीला उतरलं नाही. काचेतली जाळी उष्णतेने पडत नाही. तापलेल्या काचेवर होजचं पाणी पडलं की पडते. 1991 साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणव्यात जळालेली घरं तपासली तेव्हा, जिथे जाळपोळीचा प्रश्नच नव्हता अशा घरांतही या ‘खुणा’ सापडल्या. काँक्रीटचे टवके उडतात त्यात मोठा हात त्याच्यात अडकलेल्या ओलाव्याच्या वाफेचा असतो. पेट्रोलची ज्वाळा लाकडाच्या ज्वाळेपेक्षा फार जास्त तापते हाही गैरसमजच. त्यामुळे ॲल्युमिनियम वितळलं यावरून काहीच सिद्ध होत नाही. ते 660 अंशांना वितळतं, आणि एवढं तापमान कुठल्याही भरलेल्या खोलीतली आग गाठते.

या सगळ्याच्या मुळाशी आहे फ्लॅशओव्हर. बंद खोलीत आग वाढत जाते तसा छताखाली तापलेल्या धुराचा थर साचतो. तो 500 ते 600 अंशांपर्यंत पोचला की खाली एवढी उष्णता फेकतो की खोलीतलं उघडं असलेलं सगळं, सोफा, पुस्तकं, गालिचा, जवळजवळ एकाच वेळी पेटतं. तोपर्यंत खोलीत आग असते. त्यानंतर अख्खी खोलीच आग होते. मग जमीनही जळते, डबक्यासारखे डागही पडतात आणि ते कोणी काही न ओतता पडतात. यापुढे सगळ्यात जास्त जळतं ते बहुधा जिथून हवा आत येते त्या दार-खिडकीच्या आसपास. आग सुरू झाली ती जागा कोपऱ्यात तुलनेने सौम्य जळालेली राहू शकते. 2005 साली लास व्हेगासमध्ये याची चाचणी झाली. खोल्या पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर साधारण दोन मिनिटं जळू दिल्या, आणि 53 तपासनिसांना विचारलं की आग खोलीच्या कुठल्या चतुर्थांशात सुरू झाली. पहिल्या खोलीत बरोबर उत्तर आलं फक्त 3 जणांचं. दुसऱ्या खोलीतही तिघांचंच. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेराएक जण बरोबर आले असते.

माझ्या मते या धंद्यातल्या प्रत्येकाने हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. टेक्सासमधल्या कॉर्सिकाना इथे 1991 च्या डिसेंबरमध्ये एका घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या. वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम वाचले. तपासनिसांनी जमिनीवरचे डाग, काचेची जाळी वगैरे दाखवून जाळपोळ ठरवली. त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली आणि 2004 मध्ये ती अमलात आली. त्या खुणांना शास्त्रीय आधार नव्हता असं नंतर एकामागून एक आगतज्ज्ञांनी त्या नोंदी तपासून सांगितलं. उलट उदाहरणही त्याच सुमाराचं आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये लाइम स्ट्रीटवरच्या घराला आग लागून सहा माणसं गेली आणि घरातल्याच माणसावर आरोप आला. आग सोफ्यापासून सुरू झाली असं तो सांगत होता. 1991 मध्ये अभियोग पक्षानेच शेजारचं तशाच बांधणीचं घर मिळवलं, तसंच सामान मांडलं आणि फक्त सोफा पेटवला, म्हणजे आरोपी खोटं बोलतोय हे दिसेल. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि ‘पेट्रोल ओतल्याच्या’ सगळ्या खुणा पेट्रोलच्या थेंबाविना तयार झाल्या. आरोप मागे घेतला गेला. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची ‘एनएफपीए 921’ ही मार्गदर्शिका 1992 मध्ये आली आणि तपास शास्त्रीय पद्धतीने व्हावा हे त्यात लिहून ठेवलं गेलं. तुम्ही जगात कुठेही काम करा, ती वाचावीच लागेल.

दुसऱ्या टोकाची चूकही तेवढीच सोपी असते: शॉर्टसर्किट. आगीची बातमी येते तीच या शब्दासह, राख गरम असतानाच. पण खरा शॉर्ट झाला तर प्रवाह एकदम प्रचंड वाढतो आणि फ्यूज किंवा ब्रेकर क्षणात तुटतो. घरं पेटवतो तो बहुतेकदा याच्या उलटा दोष: ढिला सांधा. सॉकेटमधला स्क्रू सैल झाला, स्पर्शाच्या जागी गंज धरला, की तेवढ्याच बिंदूवर रोध वाढतो आणि तो बिंदू लालभडक तापतो. प्रवाह मात्र नेहमीएवढाच असतो, त्यामुळे ब्रेकरला काही पत्ता लागत नाही. असा सॉकेट हाती आला तर तीन पिनांपैकी एकाच पिनेच्या मागचं पितळ खाल्लेलं, रंग उडालेलं आणि बाकीच्या दोन शाबूत अशी विषमता दिसते. बाहेरून आलेल्या आगीने तिन्ही साधारण सारख्याच भाजतात.

तारेवर तांब्याचा गोल मणी दिसला की शिकाऊ माणूस हरखतो. मणी म्हणजे तिथे आर्क झाला, विजेने उडी मारून तार वितळवली. पण तो आगीमुळे झाला की आगीआधी? आगीने वायरचं आवरण जळलं आणि तारेत वीज होती तरी आर्क होतोच, आणि बहुतेक मणी असेच पडलेले असतात. त्यातून एवढं खात्रीने कळतं की आग तिथे पोचली तेव्हा तारेत वीज होती. आर्कची जखम आखूड असते. मण्याच्या मागे लगेच शाबूत तार सुरू होते. निव्वळ उष्णतेने वितळलेली तार लांबवर बारीक होत, ओघळत जाते. त्यातही एक खोच आहे. तांबं 1085 अंशांना वितळतं, पण वरून वितळलेलं ॲल्युमिनियम त्यावर ठिबकलं तर मिश्रण 548 अंशांच्या आसपासच वाहू लागतं. तेव्हा ‘तांबं वितळलं म्हणजे हजारावर तापमान’ असं लिहिण्याआधी छताला ॲल्युमिनियमचं काही होतं का ते बघा.

आता तुमच्या विषयाकडे येऊ, म्हणजे द्रवांकडे. पेट्रोल ओतलं असेल तर ते सगळं जळून जात नाही. ते फटींत, गालिच्याच्या खाली, लाकडी पट्टीच्या मागे शिरतं आणि तिथे हवा न मिळाल्याने थोडं उरतं. म्हणून नमुना सगळ्यात काळ्या जागेचा न घेता, डागाची कड आणि त्याखालचा थर घ्यायचा. तो हवाबंद नव्या पत्र्याच्या डब्यात किंवा खास नायलॉनच्या पिशवीत ठेवायचा, कारण साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून वाफा आरपार जातात. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. शिवाय त्याच गालिच्याचा न जळलेल्या भागातला तुलनेचा तुकडा घ्यायचा, आणि हाच घ्यायचं लोक विसरतात. प्रयोगशाळेत डबा ओव्हनमध्ये काही तास गरम करतात, वर जमलेल्या वाफा सक्रिय कोळशाच्या पट्टीवर धरतात, त्या विद्रावकात उतरवून गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे मिश्रणातली संयुगं सुटी करून ओळखणाऱ्या यंत्रांनी बघतात. तुलनेच्या तुकड्याचं महत्त्व तिथे कळतं. जळलेल्या गालिच्यातून आणि फोममधून स्टायरीन, टोल्युइनसारखी संयुगं आपसूक निघतात, आणि पाइनच्या लाकडात टर्पिन मुळातच असतात. टोल्युइन सापडलं म्हणजे पेट्रोल नव्हे. ओळखायचा असतो तो अख्खा ठसा, आलेखावर दिसणाऱ्या पेट्रोलमधल्या अल्किलबेंझीन संयुगांच्या शिखरांची परस्परांशी असलेली प्रमाणं. अशा द्रवांचा वास ओळखायला शिकवलेला कुत्रा जागा दाखवतो तेव्हा नमुना कुठून घ्यायचा एवढंच ठरतं. प्रयोगशाळेने दुजोरा दिला नाही तर ती खूण पुरावा म्हणून मांडू नये.

पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्याने जमिनीलगत पसरते. ओतणारा काडी ओढेपर्यंत त्याच्या पायाभोवती वाफेचं तळं झालेलं असतं. म्हणून अशा प्रकरणात कोणाच्या भुवया आणि हातावरचे केस जळलेत हे विचारून घ्यावं. पेटती सिगारेट मात्र पेट्रोलच्या वाफेला सहसा पेटवत नाही. हजारो वेळा करून पाहिलेल्या प्रयोगांत वाफ पेटली नाही. तीच सिगारेट गादीत पडली तर तासन् तास धुमसून घर खाते.

दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी सुरू झालेली आग, हे मुद्दाम लावल्याचं खरोखर वजनदार लक्षण. पण त्याआधी पडदा पेटून खाली पडला का, छतातून जळतं काही गळलं का, हे तपासून पुरतं बाद करावं लागतं. आणि अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या तर त्या कोणी हात न लावता काही तासांनी आपोआप पेटतात, हेही विसरू नका.

प्रेतांबद्दल थोडक्यात. मुठी वळलेल्या, कोपरं वाकलेली अशी मुष्टियोद्ध्याची ठेवण दिसली म्हणून झटापट झाली असं नसतं. उष्णतेने स्नायू आखडतात. श्वासनलिकेत काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल तर माणूस आगीत श्वास घेत होता. ते नसेल तर डॉक्टरांशी बोलावं, स्वतः निष्कर्ष काढू नये.

संशय फक्त मालकावरच घ्यायचा असतो असंही नाही. 1984 साली कॅलिफोर्नियात साउथ पासाडीनामधल्या एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागून चार जण गेले. ती विजेच्या दोषाने लागली असं सुरुवातीला ठरलं. ही लावलेली आग आहे असा हट्ट धरला तो ग्लेनडेलच्या अग्निशमन दलातल्या जाळपोळ तपासनिसाने, जॉन ऑर याने. पुढे दुसऱ्या एका आगीतल्या न जळलेल्या वहीच्या कागदावर त्याच्याच बोटाचा ठसा निघाला. सिगारेट, काड्या आणि रबरबँड कागदात गुंडाळून तो स्वतः आगी लावत होता. 1998 मध्ये त्या चार खुनांसाठी तो दोषी ठरला.

अहवालाबद्दल एकच ठासून सांगतो. ‘कारण अनिर्णित’ लिहायला शिका. वरिष्ठ नाराज होतील, विमा कंपनी पुन्हा फोन करेल, वकील विचारील की मग एवढे दिवस काय केलंत. पूर्वी एक सोयीची वाट होती: वीज नाही, गॅस नाही, सिगारेट नाही, म्हणजे कोणीतरी लावली. काहीच पुरावा नसणं हाच जाळपोळीचा पुरावा. ‘एनएफपीए 921’ मार्गदर्शिकेने 2011 च्या आवृत्तीत हा युक्तिवाद शास्त्राला धरून नाही असं स्पष्ट लिहिलं. तुमच्या अहवालात प्रत्येक शक्यता आणि ती का बाद केली हे असायला हवं. उलटतपासणीत तुम्हाला वाचवतं ते तेवढंच. ‘माझा अनुभव सांगतो’ म्हणालात की समोरच्या वकिलाच्या चेहऱ्यावर हसू येतं.

शिरायचं कसं? लोक चार दारांनी येतात: अग्निशमन दल, पोलीस, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि विम्यासाठी काम करणारे खासगी अभियंते. तुमच्यासाठी प्रयोगशाळा हे सरळ दार. पण तिथे बसून फक्त आलेख वाचत राहू नका. नमुना कुठून, कसा आला हे बघायला जागेवर जायची परवानगी मागा. बाजूने वीज शिका, घरातल्या वायरिंगपुरती तरी, आणि खोलीचा मापासकट आराखडा हाताने काढायची सवय लावा. संशयित उपकरण सापडलं तर ते जागेवर उघडू नका. उत्पादक, विमा, समोरचा पक्ष सगळ्यांना कळवून, आधी एक्स-रे काढून मगच उघडायचं. एकट्याने उघडलेला फ्रिज न्यायालयात कोणाच्याच कामाचा राहत नाही.

शेवटचं तब्येतीचं. धूर संपला की तपासनीस मास्क काढतो आणि आठ-आठ तास त्या ढिगाऱ्यात खोदत बसतो. विझलेल्या जागेत बारीक काजळी आणि विषारी वायू असतातच, ॲस्बेस्टॉसही असू शकतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगकारक गटात, तेही पहिल्या वर्गात टाकलं. खोदण्याआधी छत आणि भिंती उभ्या राहतील का ते बांधकामातल्या माणसाकडून बघून घ्या, वीज आणि गॅस तोडल्याची स्वतः खात्री करा, पूर्ण वेळ मास्क ठेवा, आणि कामाचे कपडे-बूट गाडीत बसण्याआधी उतरवून बंद पिशवीत टाका.